धाकटीला आजच सांगणे

ऑफिसात सगळे त्यांना 'नक्कल' म्हणत. तोंडावर नक्कलदादा, पाठीमागे नुसतं नक्कल. मी दोन्हीकडे दादाच म्हणत आले. आज ज्या रागाने लिहायला बसले आहे त्या रागातही दुसरा शब्द हाताला येत नाही, म्हणून दादाच लिहिते. या माणसाने माझा केसाने गळा कापला. पण माणूस कसा होता हे आधी सांगितलं नाही तर ही नुसती कागाळी होईल, आणि कागाळ्या म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. चार वर्षं मी त्याच ऑफिसात तक्रारींचा फोन उचलत होते.

आमचं ऑफिस दवाखान्यांच्या वेबसाइट सांभाळायचं. पेशंटने घरबसल्या नंबर लावायचा, डॉक्टरांनी सकाळी यादी बघायची, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर पुढचा नंबर दिसायचा. हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या एका लांबट खोलीतून चालायचं. खोलीच्या टोकाला काचेचं दार, दाराआड थंडगार कोठडी आणि कोठडीत मशिनं. त्या मशिनांमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेल्या काही फाइली असतात. कुठल्या नावाने आलेल्या माणसाला कुठल्या दवाखान्याच्या दारातून आत सोडायचं ते त्यांत लिहिलेलं असतं. कॉन्फिगरेशन म्हणतात त्याला. वाचायला सोपं, बदलायला त्याहून सोपं, आणि एक अर्धविराम गळला की चाळीस दवाखाने एका दमात बंद.

अशा फाइलीला हात लावण्याआधी दादा तिची नक्कल काढत. एक अक्षर बदलायचं असो की शंभर ओळी, आधी नक्कल. ती 'नकला' नावाच्या फोल्डरमध्ये जायची आणि तिच्या डोक्यावर दादा तीन ओळी लिहायचे. पहिली तारीख, दुसरी कारण, तिसरी पुढे काय करायचं राहिलं आहे ती. खाली सहीचं एकच अक्षर, 'न'. लोकांनी चेष्टेने ठेवलेलं नाव त्यांनी सही म्हणून वापरायला घेतलं होतं, यावरून माणसाला राग किती होता ते कळेल. राग नव्हताच. तो सगळा माझ्याकडे आहे.

"काय बदललं ते मशीनला कळतं गं," म्हणायचे, "का बदललं ते माणसाने लिहून ठेवायला लागतं."

त्यांनी मला फोनवरून उचलून आपल्या हाताखाली घेतलं त्याची गोष्ट अशी. एकदा ते माझ्या टेबलाशी उभे होते आणि मी एका दवाखान्याच्या बाईंना सांगत होते, तुमची यादी दिसत असेल पण नवीन नंबर लागत नसेल, बरोबर ना? बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. फोन ठेवल्यावर दादांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "बुधवारी तुम्ही काहीतरी बदलता, गुरुवारी मी शिव्या खाते. दोन वर्षं पाठ झालंय." दुसरा कुणी असता तर चिडला असता. दादा साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "ही बाई ऐकते. ऐकणाऱ्याला शिकवता येतं. मला द्या."

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. घरी सासूबाईंचं आजारपण काढून झालं होतं, मुलगी मोठ्या शाळेत गेली होती, आणि आपल्या हातून आता फोन उचलण्यापलीकडे काही व्हायचं नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. दादांनी पहिल्याच दिवशी मला 'धाकटी' म्हटलं. का, तर कामात त्यांच्याहून धाकटी. अडतिसाव्या वर्षी कुणी धाकटी म्हणावं हे किती बरं वाटतं ते बायकांना वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे मशिनं दोन होती. एकावर खरे दवाखाने, खरे पेशंट. दुसरं तसंच, पण त्यावर खोटी नावं आणि खोटे पेशंट, फक्त बदल करून बघायला. सगळं जग त्याला टेस्टिंग सर्व्हर म्हणतं. दादा त्याला 'तालीम' म्हणायचे आणि खऱ्याला 'प्रयोग'. तरुणपणी ते हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग करायचे. रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही. विंगेत अंधारात बसायचं आणि विसरणाऱ्याला वाक्य द्यायचं. तालीम मशीनवर त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात कागद चिकटवला होता: 'इथे चुका. इथेच चुका.' प्रयोगाची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, एकट्या दादांकडे होती. तालमीवर मात्र आम्ही सगळे एकाच नावाने आत शिरायचो. तिथे कुणी काय केलं हे नकलेवरच्या त्या तीन ओळींवरूनच काय ते समजायचं.

शिकवायची त्यांची रीत मला आवडायची. एकदा मी एका झटक्यात सात ओळी बदलल्या आणि काहीच चालेना.  दादांनी माझी नक्कल परत जागेवर ठेवायला लावली आणि म्हणाले, "आता एक बदल. बघ. मग दुसरा." सात ओळींना दीड तास लागला, आणि पाचव्या ओळीत चूक सापडली. फाइल बरोबर आहे का ते सांगणारा एक हुकूम असतो. तो दिला की मशीन म्हणतं, सगळं ठीक. मी खूश होऊन उठले तर म्हणाले, "बस खाली. त्याने व्याकरण तपासलं. अर्थ कोण तपासणार?" मग स्वतःच्या डोळ्यांनी पान उघडून बघायचं. दाराची कडी बदलताना दुसरं दार उघडं ठेवायचं, म्हणजे एका खिडकीत बदल करताना दुसरी खिडकी आत शिरलेली ठेवायची, नाहीतर आपणच बाहेर अडकतो. मशीन बंद करून चालू करायचं नाही, नुसती फाइल पुन्हा वाचायला सांगायची. "रीस्टार्ट म्हणजे पडदा पाडणं. रीलोड म्हणजे नाटक चालू असताना मागची खुर्ची हळूच बदलणं."

मी सगळं उचललं. ओळी लिहायची पद्धतसुद्धा. 'करणे', 'पाहणे', 'कळवणे' अशी ती जुन्या वळणाची क्रियापदं, तारखेनंतरची ती रेघ, सगळं त्यांचंच. फक्त खाली 'न'च्या जागी 'धा'. वर्षभरात आमच्या नकला शेजारी ठेवल्या तर सही झाकून कुणाची कोणती ते कुणाला सांगता आलं नसतं. दादा ते साहेबांना कौतुकाने दाखवायचे.

त्यांच्या घरीही मी जाऊन आले होते. दोन खोल्या आणि चिंचोळं स्वयंपाकघर. प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी, कुठला दिवा, कुठला पंखा. प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली एका डब्यात आणि त्या डब्याची जोडकिल्ली शेजारच्यांकडे. वहिनी हसत म्हणाल्या, "यांनी माझीपण नक्कल काढून ठेवली असती. मी म्हटलं, एकीलाच पोसणं जमतंय का बघा." दादा हसले आणि त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं. ऑफिसातही दुपारी एक वाजता जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी आम्ही डबे उघडायचो, आणि डबा उघडायच्या आधी त्यांचा ठरलेला प्रश्न, "धाकटे, जेवलीस का?" मी म्हणायची, "अहो, डबा तुमच्यासमोर बंद आहे." रोज हाच विनोद. मला सख्खा भाऊ नाही. यापुढे काय सांगू?

या नव्या कामावर माझी नोकरी वर्षभर कच्ची होती. वर्ष संपलं की पहिल्या तारखेला मी कायम होणार, प्रयोगाची दुसरी किल्ली मला मिळणार, असं ठरलं होतं. त्याआधी दादा माझी परीक्षा घेणार होते. महिनाभर आधीच त्यांनी दिवस दिला होता: सोमवार, सकाळी दहा. तालमीवरची नावांची अख्खी फाइल काढून टाकायची, कोऱ्या पानापासून सगळं पुन्हा उभं करायचं, आणि दुपारी जेवायच्या आत त्यांना दाखवायचं. ते स्वतः वहिनींना दातांच्या डॉक्टरकडे नेऊन बारापर्यंत येणार होते.

शुक्रवारी निघताना मी विचारलं, "दादा, सोमवारी मोडू ना मग?"

ते पिशवीत डबा ठेवत होते. डबा दोनदा बाहेर काढून पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "मोड की. तालीम आहे कशाला?"

सोमवारी दहाला मी नक्कल काढली, वर तीन ओळी लिहिल्या आणि फाइल कोरी केली. नक्कल काढताना ती शेवटपर्यंत वाचली नाही. खोटी नावं काय वाचायची? तेवढी चूक माझी, आणि ती मी कुणाच्या माथी मारणार नाही. नावं एकेक करून पुन्हा घालत होते, हात छान चालत होता, मनातल्या मनात दादांची शाबासकीही घेऊन झाली होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोनवरची नवी मुलगी धावत आली. "ताई, एक आजोबा ऐकतच नाहीत, तुम्ही बोला ना."

मी फोन घेतला. आजोबांचा आवाज शांत होता.

"ऑपरेशनला आठ दिवस झाले. आज पट्टी काढायची होती. इथले म्हणतात, मशीनमध्ये आमची आजची यादीच नाही, घरी जा, उद्या या. मी लांबून आलोय हो. एका डोळ्याने मला आधीच दिसत नाही, दुसऱ्यावर पट्टी आहे. तुम्हीच बघून सांगा बाई, माझं नाव आहे का?"

मी दवाखान्याचं नाव विचारलं. डोळ्यांचा दवाखाना, आमच्याकडे नवा. प्रयोगाच्या यादीत शोधलं, नाही. पुन्हा शोधलं. मग काय सुचलं कुणास ठाऊक, सकाळी काढलेली माझी नक्कल उघडली आणि तळापर्यंत गेले. खोट्या नावांच्या शेवटी ते खरं नाव होतं.  ज्या तालमीत चुकायची परवानगी होती, तिथे अंधारात कुणीतरी प्रेक्षक आणून बसवले होते, आणि मी त्यांच्यासमोर रंगमंच मोडून टाकला होता.

नक्कल जागेवर ठेवायला दोन मिनिटं लागली. यादी परत आली. तोवर साठ माणसं घरी गेली होती. आजोबा गेले की थांबले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, फोन मध्येच कट झाला होता.

बाराला दादा आले. माझा चेहरा बघून खुर्चीत बसले. मी सगळं सांगितलं. एका दवाखान्याचं नाव होतं दादा, खरं नाव, तालमीवर! कुणी घातलं असेल? ते म्हणाले, "बघतो मी." कुठला दवाखाना, हे त्यांनी विचारलं नाही. हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. विश्वास असला की माणूस बहिरा होतो, आणि माझं तर सगळं नाव ऐकण्यावरून झालेलं.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर दवाखान्याचं रागाचं पत्र. साहेब म्हणाले, "मोडतोड करायला सांगितलं कुणी?" मी दादांकडे बघितलं. आता दादा बोलतील, परीक्षा मीच लावली होती म्हणतील. दादांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि म्हणाले, "ती अजून शिकतेय साहेब. चुका होतात."

ऐकायला किती मायेचं वाक्य! मलाही क्षणभर तसंच वाटलं. बाहेर आल्यावर त्याचा अर्थ कळला. व्याकरण ठीक होतं, अर्थ बघायचा राहिला होता. साहेबांनी माझ्या कायम होण्याचा कागद 'जरा थांबवू' म्हणून खणात ठेवला होता.

तरी माझा संशय दादांवर गेला नाही. उलट मला वाटलं, ते बिचारे शोधत असतील, आपण मदत करावी. बुधवारी 'नकला' फोल्डर उघडून मी तारखा लावून बसले. ज्याने ते नाव घातलं त्याने नक्कल काढली नसणारच, असा घाईचा माणूस कोण, ते ओळखायचं, एवढाच विचार. पण नक्कल होती. तेवीस दिवसांपूर्वीची. डोक्यावर तीन ओळी.

पहिलीत तारीख आणि रेघ. दुसरीत: 'नवे मशीन येईपर्यंत डोळ्यांच्या दवाखान्याचे नाव तात्पुरते तालमीवर घालणे. साहेबांचा निरोप.' तिसरीत: 'धाकटीला आजच सांगणे.' खाली 'न'.

मी ती तिसरी ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. चोरी करायला गेलेल्या माणसाने दारावर चिठ्ठी लावून जावं तसं होतं ते. दुसऱ्या कुणी गुपचूप हे केलं असतं तर मागे काही ठेवलं नसतं. दादांना तेही जमलं नाही. चुकीचं काम करतानासुद्धा त्यांनी आधी नक्कल काढली, कारण लिहिलं, आणि मला सांगायचं आहे हेही लिहिलं. मग तेवीस दिवस माझ्याशेजारी बसले, तेवीस दिवस जेवलीस का विचारलं, आणि सांगितलं नाही.

कागद छापून मी जिन्याच्या खिडकीशी गेले. दादा डबा उघडून बसले होते. मी कागद डब्यावर ठेवला.

"वाचलीस," ते म्हणाले.

"शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, मोड."

"साहेबांनी कुणाला बोलू नको म्हटलं होतं. त्यांनी दवाखान्याला सांगितलं होतं की सगळं पक्क्या मशीनवर आहे. मला वाटलं, रविवारी मी येतो आणि हलवतो प्रयोगावर. तुला कळायची वेळच येणार नाही. रविवारी पाहुणे आले गं."

"पाहुणे आले?"

"हो ना."

"आणि काल? साहेबांसमोर?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. खिडकीबाहेर बघितलं. खाली एक माणूस शटरला रंग देत होता. मग म्हणाले, "उद्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई येणार आहेत. त्यांच्यासमोर सांगतो. साहेब काय करायचं ते करोत. शब्द दिला तुला."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. आमचे हे गॅरेज चालवतात, माणसांपेक्षा गाड्यांवर विश्वास जास्त. ते म्हणाले, "त्याला आधी दाखवायला नको होतंस. सरळ वर जायचंस." मी फणकारले, "दादांनी शब्द दिलाय."  मी ताटावरून उठेपर्यंत ते नुसते माझ्याकडे बघत होते.

गुरुवारी अकराला डॉक्टरबाई आल्या. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेबांनी चहा मागवला आणि सांगायला सुरुवात केली: तुमचा दवाखाना पक्क्या मशीनवरच होता, आमच्या एका कच्च्या कर्मचारी बाईंनी न विचारता, न तपासता फाइल बदलली. प्रयोगाची किल्ली माझ्याकडे नव्हतीच, हे डॉक्टरबाईंना कुठून कळणार? मी दादांकडे बघत होते. ते मूग गिळून बसले होते. मी मनात म्हणत होते, आता बोलतील. साहेबांचं वाक्य संपलं. आता. चहा आला. आता तरी. विंगेत बसलेल्या बाईसारखी मीच त्यांना मनातल्या मनात वाक्य देत होते, आणि ते घेत नव्हते.

शेवटी मी कागद डॉक्टरबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, "हा 'न' कोण?"

दादांनी कागद हातात घेतला. चष्मा पुसला, घातला. तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. त्यांची नजर तिथे थांबलेली मी बघितली.

"लिहायची पद्धत माझी आहे," ते म्हणाले. "पण हे मी लिहिलेलं नाही." मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "हिला मीच शिकवलंय. अगदी माझ्यासारखं लिहिते. नक्कल चांगली करते."

डॉक्टरबाईंनी माझं लिहिलेलं काही बघायला मागितलं. साहेबांनी तत्परतेने माझ्या नकलेच्या ओळी स्क्रीनवर काढल्या. तीच रेघ. तेच 'करणे', 'कळवणे'. वर्षभर जिच्यासाठी शाबासकी घेतली ती एकेक ओळ माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. मी म्हटलं, मशीनला विचारा. साहेब म्हणाले, तालमीवर सगळे एकाच नावाने जातात, मशीन काय सांगणार? ते खरंच होतं. डॉक्टरबाई उठल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "चूक झाली ती समजू शकते. पण हे असलं करायला नको होतं हो तुम्ही." 

मला लोक सांगतात, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर होती, साहेबांचा दबाव होता, या वयात कुठे जाणार होते? मलाही हे सगळं कळतं. ते आधी मूग गिळून बसले होते ते मी माफ केलं असतं. माणूस घाबरतो. काखा वर केल्या असत्या तरी गिळलं असतं. पण त्यांनी स्वतःचं शिकवणं घेऊन मला मारलं. मला दुसरं काही येत नव्हतं हो. जे येत होतं ते त्यांनीच दिलेलं होतं.

साहेबांनी दोन वाटा ठेवल्या. राजीनामा, नाहीतर बनावट कागदाची नोंद. मी राजीनामा लिहिला. त्यातही 'विनंती करणे' असंच काहीसं वळण आलं, ते खोडून पुन्हा लिहिलं.

शेवटच्या दिवशी टेबल आवरण्याआधी मी एकदा तालमीवर शिरले. ती नक्कल असणार नाही अशी माझी खात्री होती; कुणाही शहाण्याने पहिल्यांदा तीच उडवली असती. होती. तारीख, रेघ, कारण, 'धाकटीला आजच सांगणे', 'न'. हात लावलेला नव्हता. नक्कल पुसायची नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी पाळला होता. मी ती तशीच ठेवून बाहेर पडले.

एक वाजला होता. मी पिशवी घेऊन जिना उतरत होते. वळणावर खिडकीशी दादा एकटेच बसले होते, मांडीवर बंद डबा. त्यांच्याशी बोलायचं नाही, बघायचंही नाही, असं मी वरूनच ठरवून आले होते. मी दोन पायऱ्या पुढे गेले तेव्हा मागून आवाज आला, नेहमीचाच.

"धाकटे, जेवलीस का?"

एवढा राग होता. किती तरी वाक्यं मी रात्रंदिवस तयार करून ठेवली होती.

"हो, दादा," मी म्हटलं.

जेवले नव्हते. आणि त्या दोन शब्दांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.